सात विमानांची चाकं

भोरच्या शाळेत आम्हाला मराठी शिकवणारे सर नसते, तर मी सारोळ्याच्या एखाद्या ढाब्यावर नाहीतर कुठल्या तरी ट्रकवर क्लीनर म्हणून राहिलो असतो. आमच्या भावकीत शाळेच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं. आठवी ते दहावी मी सरांच्या घरी राहिलो. त्यांच्या ताटाशेजारी माझं ताट असायचं. पदवीसाठी पुण्याला जायचं ठरलं तेव्हा अर्ज त्यांनी भरला आणि एसटीत माझ्या शेजारी बसून कॉलेजच्या दारापर्यंत सोडायला आले. फौजदार झालो तेव्हा खांद्यावरचे तारे आईच्या आधी त्यांना दाखवले.

हे आधी सांगतो, कारण ज्या प्रकरणाबद्दल लिहायला बसलो आहे ते त्यांच्याच घराशी येऊन थांबलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो. हा विसरता येत नाही, आणि आठवला की अजून संताप होतो. त्यातला बराचसा संताप माझा माझ्यावरच आहे. नावं कोणाची लिहीत नाही.

तेव्हा मी भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार-रविवार आमचे सगळे शिपाई पानशेतच्या रस्त्यावर गाड्या मोकळ्या करण्यात आणि पाण्यात उतरणाऱ्या पुणेकरांना बाहेर काढण्यात जायचे. सोमवारी सकाळी हजेरी घेत होतो तेव्हा सरांचा फोन आला.

"माझ्या धाकट्या भावाकडे चोरी झालीय. तू जातीनं लक्ष घाल. फार हळवा माणूस आहे तो."

सरांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी उभा राहूनच "हो सर" म्हणालो.

तासाभरात बंधू आले. पुण्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, मूलबाळ नाही. पानशेतच्या पाण्याकाठी त्यांनी बंगला बांधला होता आणि शुक्रवार ते रविवार ते तिथं राहायचे. त्या आठवड्यात मात्र ते रविवारी रात्रीच पोचले होते. चोरीला काय गेलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "सात विमानं."

आमच्या हवालदारानं पेन खाली ठेवलं. "खेळण्यातली का, साहेब?"

"खेळणी नाहीत ती!" बंधूंचा आवाज चढला. "डायकास्ट मॉडेल्स आहेत. दुसऱ्या महायुद्धातली विमानं. मूळ विमानाच्या बरोब्बर बहात्तराव्या हिश्श्याची."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ही विमानं जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओतून करतात, म्हणून हातात घेतली की जड लागतात. रंग, पंखांवरची चिन्हं, शेपटीवरचा क्रमांक, सगळं खऱ्या एका विमानाप्रमाणे असतं. संग्राहक मूळ खोकं आणि आतलं कार्डसुद्धा फेकत नाहीत. उन्हानं चिन्हं पिवळी पडतात म्हणून त्यांनी त्या खोलीच्या खिडक्यांना जाड पडदे लावले होते. साठेक विमानं होती. त्यातली स्पिटफायर, हरिकेन, डकोटा आणि आणखी चार गेली होती.

हवालदार बाहेर आल्यावर मला म्हणाला, "साहेब, म्हातारं झालं आन् विमानं खेळतंय. आमच्या नातवाला दाखवायला न्हेऊ का ह्यास्नी?"

मी त्याला दटावलं. पण हसलोही होतो. राहत्या घरातील चोरी, दंड विधान कलम ३८० प्रमाणे गुन्हा दाखल केला आणि बंगल्यावर जाऊन पंचनामा केला. कडीकोयंडा शाबूत, काचेच्या कपाटाचं कुलूप शाबूत. खोकी माळ्यावरून नेमकी सात गेलेली.

"चाव्या कोणाकडे?" मी विचारलं.

"माझ्याकडे, आणि साफसफाई करणाऱ्या बाईकडे. दोघांकडेच." आणि आपणहून पुढं म्हणाले, "तिच्याशिवाय कोण असणार? यांना सवलत दिली की असंच होतं."

ती बाई शेजारच्याच गावची. चाळिशीतली, नवरा पुण्यात वॉचमन. सकाळी गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, आणि दर शुक्रवारी बंगला झाडून त्या विमानांवरची धूळ चित्रकाराच्या मऊ ब्रशनं काढायची. ब्रश बंधूंनीच आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी शिपाई पाठवून मी तिला ठाण्यात बोलावून घेतलं. सकाळी दहाला आली. मला भोरला बंदोबस्ताच्या बैठकीला जायचं होतं. मी हवालदाराला म्हणालो, "बसू द्या बाहेर. बसली की बोलेल." ही आमच्याकडची जुनी पद्धत. मारायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं बाकावर बसवून ठेवायचं. ठाण्यात दाखल्यासाठी, भांडणांसाठी, हरवलेल्या म्हशींसाठी निम्मा तालुका येतो. प्रत्येक जण बाकाकडे बघून आत जातो. बसलेल्या माणसाला दिवसभरात जे व्हायचं ते होतं.

तीन वाजता परतलो तेव्हा तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता, असं महिला शिपायानं सांगितलं. मी तिला आत घेतलं. हवालदार जबाब लिहू लागला.

"चावी कोणाला दिली होती?"

"कुनालाच न्हाई साहेब. माझ्या कनवटीला असती."

"मग विमानं गेली कुठं? उडून गेली?"

ती हसली नाही. "शुक्रवारी म्या गेले तवा सात जागा मोकळ्या हुत्या. मला वाटलं, मधल्या बुधवारी पुतणे आलते, त्यांनीच पुण्याला न्हेली आसतील. शाळेतनं घरी येताना वाटंवर दिसले, मोठी बॅग हुती त्यांच्याकडं."

पुतणे म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा. मी सरांकडे राहायला गेलो तेव्हा तो तीन वर्षांचा होता. संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन मी भोरच्या बाजारातून फिरवून आणायचो.

मी म्हणालो, "ते घरचे आहेत. ते सोडा. चावीचं बोला."

हवालदाराचं पेन थांबलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ते वाक्य जबाबात आलं नाही. तो कागद अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. 'चावी माझ्याच ताब्यात असते' हे आहे. 'बुधवारी पुतणे आले होते' हे नाही. ज्या एका माहितीवर तपास सुरू व्हायला हवा होता, ती तिनं पहिल्याच दिवशी आमच्यासमोर ठेवली होती, आणि मी ती माझ्या हातानं बाजूला सारली.

पाचला तिला जाऊ दिलं. चार दिवसांनी महिला शिपायाकडून कळलं की शाळेच्या समितीनं तिला खिचडीच्या कामावरून काढलं. समितीतला एक जण म्हणाला होता म्हणे, "ठाण्यात दिवसभर बसलेल्या बाईच्या हातचं पोरांनी खायाचं व्हय?" मी ऐकलं आणि दुसऱ्या फाइलकडे वळलो. खोटं कशाला लिहू?

खबर आली ती पंधरा दिवसांनी, साताऱ्याहून. तिथले एक औषध दुकानदार अशीच विमानं जमवतात. संग्राहकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे आणि बंधूंनी चोरीची बातमी त्यावर टाकली होती.

दुकानदार म्हणाले, "साहेब, एक जण एक विमान अदलाबदलीला काढतोय. तोंडावर शार्कचे दात रंगवलेलं आहे, तुमच्या यादीत आहे तसलं. पण सांगायचं वेगळंच आहे. तो म्हणतो, खोकं आहे, स्टँड आहे, कार्ड आहे, चाकं नाहीत."

"मग?"

"मग काय साहेब! आमच्यात असं होत नाही. विमान स्टँडवर उडतंय असं लावायचं असेल तर चाकं काढायची आणि पोटाला झाकणं बसवायची. पण काढलेली चाकं माणूस जिवापाड जपतो. खोक्यातला पातळ कागदसुद्धा आम्ही फेकत नाही. आणि ह्याच्याकडे सगळं आहे, फक्त चाकं नाहीत. म्हणजे विमान त्याचं नाही."

देणाऱ्यानं टोपणनाव घेतलं होतं. मी दुकानदारांना म्हटलं, बोलणं चालू ठेवा, नंबर मिळवा. आणि बंधूंना गाठलं.

"चोरीला गेलेल्या विमानांची चाकं तुम्ही कुठं ठेवता?"

ते गोंधळले. "चाकं? लावताना मी काढून देतो. ठेवते ती बाई कुठं तरी."

साठ विमानांचा मालक, पंखावरच्या ठिपक्याचा रंग चुकला तर त्याला झोप येत नाही. आणि चाकं कुठं आहेत ते त्याला माहीत नव्हतं. तिला विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. या वेळी मी तिच्या घरी गेलो, महिला शिपायाला बरोबर घेऊन. ती चुलीशी होती. उठली नाही.

"पुन्हा बसवायला न्हेताय का?"

"नाही. बंगल्यावर चला. चाकं दाखवा."

"कुठली चाकं?" तिनं विचारलं, आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच खाली बघावं लागलं. "चाकांचं इचारायला पंधरा दिस लागले व्हय तुमाला?"

बंगल्यावर तिनं कपाटाखालचा एक उथळ खण ओढला. आत गोळ्यांच्या रिकाम्या डब्या ओळीनं मांडलेल्या. प्रत्येकीत कापूस आणि कापसात इवली इवली चाकं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिनं झाकणांवर स्केचपेननं चित्रं काढली होती. एकावर दात, एकावर दोन पंखे, एकावर चार पंखे. मोकळ्या जागा दाखवत तिनं मोजून सात डब्या माझ्या हातात दिल्या. सातही भरलेल्या.

"दातवाल्याची ही. दोन फुडं आन् शेपटाला एक बारीक. साहेब, म्या विमानं न्हेली आसती तर चाकं हितं कशाला ठिवली आसती? माझ्याबिगर ह्यो खण कुनाला म्हाईत बी न्हाई. मालकास्नी सुदिक न्हाई."

बंधू मागं उभे होते. पुढं वाकून ते डब्या बघू लागले.

चोराला माळ्यावरची खोकी माहीत होती, कपाटाची चावी घरात कुठं असते ते माहीत होतं, कोणतं विमान मोलाचं ते माहीत होतं. माहीत नव्हता तो फक्त मोलकरणीचा खण. असा माणूस कोण, हे तिनं मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

मी तिथंच खुर्ची ओढून तिला बसवलं आणि जबाब पुन्हा, पहिल्यापासून, स्वतःच्या हातानं लिहून घेतला. बुधवार लिहिला. पुतणे लिहिले. मोठी बॅग लिहिली. शेवटी ती चाचरली.

"एक चूक झालीया माझ्याकडनं. ती बी लिवा. दातवाल्याचा म्होरचा पंखा माझ्या हातनं मोडलाता. एक पातं. गोंदानं चिकटावलं, कुनाला बोलले न्हाई. कामावरनं काढतील म्हनून."

"दाखवलं तर ओळखू येईल?"

"बारीक थेंब हाये गोंदाचा. दुसऱ्याला न्हाई दिसायचा. मला दिसंल."

बंधूंकडे वळून मी विचारलं, "चाव्या दोनच होत्या ना?"

ते म्हणाले, "तिसरी भोरला आहे, दादाकडे. पण ती काय, घरचीच."

फिर्याद देताना माणसं खोटं बोलतात असं नाही. आपल्या लोकांना ती मोजतच नाहीत.

दोन दिवसांनी साताऱ्याहून नंबर आला. लावून बघावा म्हणून मी मोबाईलवर आकडे दाबले, तर पडद्यावर नाव आपोआप उमटलं. माझ्याच फोनमध्ये साठवलेलं. दर दिवाळीला त्या नंबरावरून मला शुभेच्छा यायच्या.

झडतीला मी स्वतः गेलो. दुसऱ्या अधिकाऱ्याला पाठवता आलं असतं, पण तसं केलं नाही. पुण्यातला मोठा फ्लॅट, चांगली नोकरी, भिंतीवर काचेचं कपाट, आणि त्यात सातही विमानं दिव्याखाली.

"दादा, तुम्ही?" तो म्हणाला. मग बरोबरचे पंच दिसले तसा बसला. "दादा, ती माझीच होती हो. काका लहानपणापासून म्हणायचे, हे सगळं तुझं. आणि आता म्हणतात संग्रहालयाला देणार. मी चांगली तेवढी सात घेतली. दातवालं माझ्याकडे आधीपासून एक आहे, म्हणून ते बदलायला काढलं. चोरी कसली त्यात?"

"त्या बाईला ठाण्यात बसवलं होतं, हे तुला कळलं होतं?"

"काकांनी सांगितलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही सोडून द्याल. मी कुठं तिचं नाव घेतलं होतं?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण त्या एका वाक्यानं जसा माझा हात शिवशिवला तसा कोणाच्याही बोलण्यानं नाही. हात उचलला नाही. पंचनामा पूर्ण केला, मुद्देमाल सील केला. पुढं तिनं पंचांसमोर दातवालं विमान उजेडात धरलं आणि पात्याच्या मुळाशी बोट ठेवलं. थेंब होता. पंचांना भिंग घ्यावं लागलं.

आता प्रकरणातला सर्वांत घाणेरडा भाग. ज्या बंधूंनी 'यांना सवलत दिली की असंच होतं' म्हटलं होतं, तेच दुसऱ्या दिवशी हात जोडून आले. "घरातलंच निघालं हो. फिर्याद मागे घेतो. विमानं परत मिळाली, झालं." 'क' फायनल पाठवा, म्हणजे गैरसमजातून फिर्याद दिली गेली असा अहवाल कोर्टाला द्या, असं त्यांना वकिलानं सांगितलं होतं. तासाभरानं सरांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"एकुलता एक आहे रे. नोकरी जाईल त्याची. एवढं एक ऐक माझं."

मी "बघतो सर" म्हणालो आणि फोन ठेवला. ज्यांच्या घरचं मी तीन वर्षं खाल्लं ते माझ्याकडे आयुष्यात दुसऱ्यांदा काही मागत होते.

पण 'क' फायनल गेली असती तर गावानं काय म्हटलं असतं? बाईनं विमानं गुपचूप परत केली, मालक भला माणूस, त्यानं मिटवलं. शाळेच्या चुलीपाशी तिला कोणीही उभं केलं नसतं. तिच्या बाजूनं बोलणारा एकच कागद होऊ शकत होता, आणि तो म्हणजे खऱ्या आरोपीच्या नावाचं आरोपपत्र.

ते मी पाठवलं. त्यात सरांचा जबाब जोडलेला आहे. आरोपीनं कोर्टात गुन्हा कबूल केला, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटला, नोकरीही टिकली. निकालाची नक्कल घेऊन मी गणवेशात शाळेच्या समितीपुढं गेलो आणि ती मोठ्यानं वाचली. तिला काम परत मिळालं. बंगल्यावर मात्र ती पुन्हा गेली नाही. बंधूंनी दोनदा निरोप पाठवला. तिनं सांगितलं, "धूळ त्यांची त्यांनी पुसावी."

उरलेल्या नोकरीत माझ्या ठाण्यात एक नियम राहिला. जबाब देणारा जे बोलेल ते सगळं लिहायचं, आणि 'घरचा माणूस' कोणता हे आपण ठरवायचं नाही. बाहेरचं बाकडं मी काढून टाकलं, तिथं खुर्च्या ठेवल्या. याला कोणी सुधारणा म्हटलं की मला राग येतो. एका बाईची भाकरी गेल्यावर सुचलेली गोष्ट ती.

सरांना मी फोनवर उत्तर दिलं नाही. फोनवर माझ्याच्यानं झालं नसतं. पत्र लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे, ती जशीच्या तशी देतो.

आदरणीय सर यांस,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही काल जे मागितलंत ते मला देता येणार नाही. हे वाक्य पहिलं लिहिलं, कारण उशिरा लिहिलं असतं तर लिहिता आलं नसतं.

मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळे आहे. हे मी कोणापुढंही सांगेन, कोर्टात विचारलं तर तिथंही. तुमचा मुलगा माझ्या कडेवर वाढला. त्याच्यावर आरोपपत्र दाखल करताना सही माझीच असेल. ती दुसऱ्यावर ढकलत नाही.

बंगल्याची तिसरी चावी तुमच्याकडे असते, असं तुमच्या बंधूंनी सांगितलं आहे. त्या बुधवारी ती मुलाला तुम्ही दिली का, हे मला तुमच्याकडून लिहून घ्यायचं आहे. जे झालं तेच सांगा. एवढीच विनंती.

येत्या गुरुवारी सकाळी मी जबाब घ्यायला तुमच्या घरी येईन. तुम्ही ठाण्यात यायचं नाही. पासष्टीच्या पुढच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नाही, त्याच्या घरी जावं लागतं, असा कायदा आहे. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून काल रात्री ते कलम मी मुद्दाम काढून वाचलं.

सर, त्याच कलमात, त्याच वाक्यात, बाईमाणसालाही ठाण्यात बोलावू नये असं लिहिलेलं आहे. तिला मी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बसवलं होतं.

आपला विद्यार्थी